हौश्याची धूळ

मी एक खिडकी बोलतेय. मला गज नाहीत, तावदान नाही, कडी-कोयंडा नाही. संगणकाच्या पडद्यावर उघडतात ना, त्या जातीची मी खिडकी. माझ्या भावकीतल्या बाकी सगळ्या चौकोनी, वर पट्टी, कोपऱ्यात फुली. माझा आकार मात्र बैलाचा. शिंगं, वशिंड, शेपूट आणि मागे उडणारी धूळ. पडद्याच्या डाव्या कडेने मी धावत यायची, उजव्या कडेला जायची आणि मिटायची. मी अर्धी पारदर्शक, त्यामुळे मागे कुणाचा कामाचा तक्ता उघडा असेल तर तो बैलाच्या पोटातूनही वाचता यायचा.

खिडकी बाईमाणूस आणि रूप बैलाचं, याचं हसू येत असेल तर खुशाल हसा. पुढे जे सांगणार आहे ते हसण्यासारखं नाही. माझ्यामुळे एका मुलीचं नुकसान झालंय आणि त्याला मी जबाबदार आहे. मन खातं, म्हणून बोलते.

माझा जन्म निगडीला, प्राधिकरणातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर झाला. तेजल आणि निरंजन यांचं तिथे दोन खोल्यांचं ऑफिस आहे. दोघं ताथवड्याच्या कॉलेजात एका बाकावर शिकले आणि आता चाकणच्या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांना लागणारी सॉफ्टवेअरं करून देतात. त्यातलाच एक कारखाना दिग्विजयचा. तिथे गाड्यांच्या ब्रेकला लागणाऱ्या पिना बनतात.

दिग्विजयचं घराणं मूळचं शेतकरी, गाव चाकणपासून हाकेच्या अंतरावर. ज्या रानात बाजरी व्हायची तिथे आता शेड उभी आहे. पण त्याचे आजोबा गेनबा यांचा जीव शेडमध्ये कधी रमला नाही. त्यांचा जीव बैलगाड्याच्या शर्यतीत. त्यांचा हौश्या नावाचा बैल होता, घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळायला लागला की लोक उभे राहायचे. दर खंडेनवमीला त्याला न्हाऊ-माखू घालून, झूल चढवून कारखान्याच्या दारात आणायचे. पहिलं कुंकू हौश्याला, मग मशिनींना, हा त्या कारखान्याचा रिवाज. कामगारही तो मानायचे. हौश्या म्हातारा होऊन गेला आणि त्या वर्षी गेनबा अडून बसले.

"हौश्याबिगर पूजा न्हाई. लोखंडाला आधी कुंकू लावायचं आसंल तर मी घरी बसतो."

दिग्विजयने दुसरा बैल आणायचं बोलून पाहिलं, तर आजोबा आणखीच बिथरले. मग कुणी सुचवलं कोण जाणे, त्याने तेजलला फोन लावला.

"मॅडम, आमच्या सगळ्या पडद्यांवर हौश्या पळाला पाहिजे. नुसता फोटो नको. पळाला पाहिजे आणि धुरळा उडाला पाहिजे. आजोबांनी हात लावला की मान हलवली पाहिजे. खंडेनवमीला बारा दिवस आहेत, बघा काय होतंय ते."

तेजल हो म्हणाली. ही मुलगी कामाला वाघ आहे, पण तिला एक खोड आहे. एखादी गोष्ट सुंदर दिसायला लागली की तिचं बाकीच्याकडे दुर्लक्ष होतं. ही खोड मला फार आवडायची, कारण तिचा फायदा मलाच होत होता.

आता माझ्या घडणीचं थोडं सांगते. पडद्यावर काही रेखाटायचं तर प्रोग्रामर सगळं शून्यापासून लिहीत नाहीत. दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेली तयार सामग्री असते, तिला ते लायब्ररी म्हणतात. कुठली लायब्ररी निवडायची यावर खिडकीचं सगळं नशीब ठरतं. तेजलने माझ्यासाठी तीन लायब्ऱ्या लावून पाहिल्या, म्हणजे मी तीनदा जन्मले म्हणा.

पहिली लायब्ररी साधी, जुनी आणि सरळ होती. खिडकी हव्या त्या आकारात ती नीट कातरून द्यायची. कातरलेल्याच्या बाहेर कुणी क्लिक केलं तर ते बिनबोभाट मागच्या खिडकीला मिळायचं. पण तिच्याकडे मधलं काही नव्हतं, पडद्यावरचा ठिपका एकतर आहे किंवा नाही. हौश्या त्यात पत्र्यातून कापल्यासारखा दिसला आणि धुळीचे तर नुसते तुकडे उडाले. तेजलने नाक मुरडलं.

दुसरी लायब्ररी दिमाखदार. तिच्यात हौश्याच्या कातडीवरची लवसुद्धा हलायची. पण कारखान्यातले संगणक जुने. त्यांच्यावर मला चालवलं तर पंखे घरघरायला लागले आणि बैल चार पावलं टाकून थबकायचा. शर्यतीचा बैल लंगडतोय म्हटल्यावर गेनबांनी तो घाटातूनच परत पाठवला असता.

तिसरी लायब्ररी लागली आणि मी खरी मी झाले. हलकी, वेगवान, आणि प्रत्येक ठिपक्याची पारदर्शकता वेगळी ठेवता येईल अशी. शून्य म्हणजे ठिपका नाहीच, दोनशे पंचावन्न म्हणजे पूर्ण भरीव, मधले सगळे आकडे कमी-जास्त विरळ. खुरांखालून धूळ उठायची, फुगायची आणि विरत जायची. तेजल खुर्चीत मागे रेलून म्हणाली, "निरंजन, हे बघ ना." निरंजनने पाहिलं आणि त्यालाही ती आवडली.

त्या लायब्ररीच्या माहितीपानावर एक ओळ होती. ठिपक्यात किंचितही रंग असेल तर त्यावरचं क्लिक तो स्वतःकडे ठेवतो, शून्य असेल तरच मागे सोडतो. तेजलने ती ओळ वाचली. निरंजन म्हणालाही, "अगं, सरळ सगळ्या खिडकीतूनच क्लिक मागे जाऊ दे."

"मग आजोबांनी हात लावल्यावर बैल मान कशी हलवणार?" तेजल म्हणाली. "बैलावर क्लिक अडलंच पाहिजे. धूळ काय, चार सेकंदांत शून्यावर येते."

ती शून्यावर येत नव्हती. धूळ विरावी म्हणून दर क्षणाला तिचा आकडा निम्मा होत जायचा, आणि अपूर्णांक आला की वरचा पूर्ण आकडा धरायचा असं तेजलने लिहिलं होतं, का तर खालचा धरला की धूळ शेवटी पटकन विझल्यासारखी वाटायची. पंधराचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. एकाचा अर्धा, आणि वरचा पूर्ण आकडा पुन्हा एकच. दोनशे पंचावन्नातला एक कुठल्याही माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. पण तो शून्य नसतो. बैल निघून गेल्यावर धूळ बसायला म्हणून मी आणखी अर्धं मिनिट उघडी राहायची. तेवढा वेळ पडद्याच्या तळाशी माझा एक न दिसणारा पट्टा पसरलेला असायचा.

चाचणी करताना एकदा तेजलचं एक क्लिक वाया गेलं. तिने माऊस टेबलावर आपटला, "हा माऊस बदलायला हवा" म्हणाली आणि पुढे गेली. खंडेनवमी परवावर आली होती. क्लिक कुठे गेलं ते मला माहीत होतं. मला तोंड नव्हतं हे खरं, पण आज खरंच सांगते, तेव्हा मला बोलावंसंही वाटलं नव्हतं. मी देखणी झाले होते आणि तेवढ्यावर खूष होते.

खंडेनवमीला माझा थाट झाला. पडद्याला झेंडूचा हार घातला, कडेला हळदकुंकू लावलं. गेनबांना खुर्चीवर बसवून दिग्विजयने त्यांचा हात माऊसवर ठेवला. हौश्या धावत आला. म्हाताऱ्याने बोट दाबलं आणि मी मान हलवली.

"त्योच हाय," ते म्हणाले. "कान बी तसाच पाडतोय."

त्या दिवसापासून हौश्या रोज तीनदा पळायला लागला, दर शिफ्ट सुटायच्या पाच मिनिटं आधी. कारखान्याच्या सगळ्या संगणकांवर एकाच वेळी. "चला भावा, हौश्या आला," म्हणत माणसं हातातलं आवरायला घ्यायची. मला कौतुकाची चटक लागली.

दिव्याला मी तिथेच ओळखायला लागले. ती शेवटच्या तपासणीला बसायची. गाव लातूरकडे अहमदपूरजवळ, इथे भोसरीत दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची, कंपनीच्या बसने ये-जा करायची. कंत्राटावर होती आणि कायम व्हायची वाट बघत होती. डिसेंबर संपेपर्यंत सलग सेवा पूर्ण झाली की कायमचं पत्र देऊ, असं तिला तोंडी सांगितलं होतं. तिचं काम असं की पिनांचे मोठे करून दाखवलेले फोटो पडद्यावर बघायचे आणि एखाद्या क्रेटमध्ये खोट दिसली तर 'रोखा' हे बटण दाबायचं. बटण दाबलं की तो क्रेट गेटबाहेर जाऊ शकत नाही. पूर्वी त्यासाठी क्रेटला लाल कार्ड लटकवायचे. तेजलचं सॉफ्टवेअर आल्यापासून कार्डं बंद झाली होती.

ते बटण पडद्याच्या तळाशी उजव्या हाताला होतं. हौश्याही तळाशीच पळायचा.

नोव्हेंबरातल्या त्या दुपारी हौश्या नुकताच पडद्याबाहेर गेला होता. दिव्या शेवटचा क्रेट बघत होती. तिला दोन पिनांवर केसासारखी चीर दिसली. तिने फोटो आणखी मोठा करून खात्री केली आणि 'रोखा' दाबलं. ते क्लिक माझ्या धुळीवर आलं. माझं काम एवढंच, की बैलावर क्लिक आलं तर मान हलवायची, बाकी कुठे आलं तर काही नाही. बटणाचा रंग बदलला नाही म्हणून तिने पुन्हा दाबलं. तेही मीच घेतलं. बाहेर बसने हॉर्न दिला. तिथले संगणक इतके सुस्त, की बटणाचा रंग बदलायला कधीकधी मिनिट लागायचं, हे सगळ्यांना सवयीचं होतं. दिव्या डबा उचलून पळाली. थोड्या वेळाने मी मिटले आणि तिची दोन्ही क्लिकं माझ्याबरोबर गेली.

क्रेट बाहेर पडला. ज्या मोठ्या कंपनीला पिना जायच्या तिथे त्या चिरा सापडल्या. कुणाला इजा झाली नाही, पण अख्खा माल परत आला आणि चिरा असलेला क्रेट कुणी सोडला याचं नाव मागितलं. नाव दिव्याचं होतं.

कामगारांचं बघणाऱ्या विजयश्री मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या पडद्यावरही माझी एक प्रत होती, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

"मी दाबलं होतं मॅडम. दोनदा दाबलं."

"दाबलं असतं तर नोंद असती, दिव्या."

"मग नोंदीलाच काहीतरी झालंय. मी खोटं कशाला बोलू?"

नोंद काढून द्यायला तेजलला सांगितलं. तिने प्रामाणिकपणे काढली. त्या वेळेला त्या बटणावर एकही क्लिक नव्हतं. तेजलच्याच सहीचा कागद फाइलला लागला आणि दिव्याला सांगण्यात आलं की चौकशी होईपर्यंत घरी थांब. कंत्राटी माणसाला घरी थांब म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो हे भोसरीतल्या प्रत्येक खोलीत माहीत आहे.

तीन दिवसांनी दिव्या निगडीच्या बसस्टँडवर उतरून, पत्ता विचारत विचारत तेजलच्या ऑफिसात आली. तेजलने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"ताई, मी कामासाठी गळ घालायला आले नाही," ती म्हणाली. "सगळे मला खोटारडी म्हणायलेत. तुमच्या संगणकात अजून एकदा बघता का? मला पक्कं आठवतंय. बैल गेला, आन् मी दाबलं."

"बैल गेल्यावर?" तेजलने विचारलं.

"हो. लगेच. धूळ बसायली होती बघा."

तेजलने टेबलावरच्या माऊसकडे पाहिलं. बदलायचा म्हणाली तरी तिने तो कधी बदललाच नव्हता, आणि तो कधी बिघडलाही नव्हता. ती म्हणाली, "मी बघते. नक्की बघते." दिव्या गेली.

मग तिने मला उघडलं. हौश्याला पळवलं, आणि जिथे जिथे ठिपक्याचा आकडा शून्याहून मोठा आहे तिथे गडद लाल रंग भरायला लावला. बैल निघून गेला. पडद्याचा खालचा भाग या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल राहिला. तिने तिच्या देखण्या धुळीचं खरं रूप तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला असं उघडं पाडल्यावर कुठे जाऊ असं झालं.

निरंजन मागे उभा होता. तो म्हणाला, "धूळ शून्यावर आण, गुपचूप नवी प्रत टाक आणि विषय संपव. आपण तोंड उघडलं तर दिग्विजयचं काम जाईल, आणि या पट्ट्यात सगळे एकमेकांना ओळखतात. दुसरं कुणी दारात उभं करणार नाही."

"आणि ती मुलगी?"

"तिला मिळेल अगं दुसरीकडे. इथे काय कारखान्यांची कमी आहे?"

तेजलने धूळ शून्यावर आणली आणि नवी प्रत टाकली. तोंड मात्र उघडलं नाही. आठ दिवस ती रोज सकाळी ठरवायची की आज सांगू, आणि रोज दुसरं काही काम काढायची. एकदा फोन लावला आणि पलीकडून दिग्विजयचा आवाज आल्यावर भलतंच काहीतरी विचारून ठेवून दिला. तिच्यावर मी कशाला बोट दाखवू? मूग गिळून बसलेल्यांत पहिली मी होते.

नवव्या दिवशी विजयश्री मॅडमचा निरोप आला. तपासणीला सायली म्हणून नवीन मुलगी घेतली आहे, दिव्याचं नाव यादीतून काढून तिचं टाका. हे काम तेजललाच करावं लागायचं. तिने यादी उघडली, दिव्याच्या नावावर माऊसचा बाण आणला आणि तिथेच थांबली. नाव पुसायचं एक बटण दाबायचं होतं. ते तिने दाबलं नाही. ओढणी खांद्यावर टाकली, गाडीची किल्ली घेतली आणि निरंजनला "मी चाकणला चाललेय" एवढंच सांगून निघाली.

दिग्विजयच्या केबिनमध्ये तिने माझी जुनी प्रत चालवली. विजयश्री मॅडम होत्या. गेनबा रोजच्यासारखे कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. तेजलने दिव्यालाही फोन करून बोलावून घेतलं होतं, ती दाराशी उभी होती. हौश्या पळाला, गेला. तेजलने सगळ्यांसमोर 'रोखा' दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग तिने लाल रंग भरलेली प्रत दाखवली.

"हिने दाबलं होतं," ती म्हणाली. "अडवलं माझ्या खिडकीने. मला आठ दिवसांपासून माहीत आहे आणि मी सांगितलं नाही. चूक दिव्याची नाही, माझी आहे."

दिग्विजयने कपाळाला हात लावला. "आठ दिवस, मॅडम? राव, आधी तरी सांगायचं."

गेनबा काठी टेकत पडद्याजवळ आले. त्यांना ठिपके आणि आकडे काय कळणार, पण मुलीच्या कामावर गदा आली एवढं कळलं होतं.

"आमचा हौश्या भर घाटात पोर आडवं आलं तर उभा राह्यलेला हाय," ते म्हणाले. "त्याच्या नावावर ह्ये नगं. काढून टाका."

"दिव्या, तू सोमवारपासून ये," दिग्विजय म्हणाला. सगळ्यांना वाटलं, मिटलं. तेवढ्यात विजयश्री मॅडमनी खाली बघत सांगितलं की घरी बसवलेले दिवस कंत्राटदाराने गैरहजेरीत धरले आहेत. सलग सेवा तुटली. डिसेंबरचं पत्र आता निघणार नाही, मोजणी पहिल्यापासून सुरू होईल. दिग्विजय म्हणाला की मी कंत्राटदाराशी बोलतो. त्याने खरंच बोलून पाहिलं, पण कंत्राटदाराच्या मस्टरवरची गैरहजेरी काही पुसली गेली नाही.

तेजल रडवेली होऊन म्हणाली, "दिव्या, मी काय करू सांग."

दिव्या म्हणाली, "बैल काढू नका. आजोबांचा जीव हाय त्यात. फक्त पुढच्या टायमाला कुणी दाबलं म्हणलं, तर कागद बघायच्या आधी त्या माणसाकडं एकदा बघत जावा."



गेनबांनी ऐकलं नाही, मला काढायलाच लावलं. आता कारखान्यात मी कुठेच नाही. क्रेटना पुन्हा लाल कार्डं लटकतात. दिग्विजयचं काम तेजलकडे राहिलं, थोडं कमी झालं. तिच्या संगणकात एका कप्प्यात माझी जुनी प्रत पडून आहे, त्या न विरणाऱ्या धुळीसकट. निरंजन दोनदा म्हणाला की पुसून टाक. तिने पुसलं नाही. कधीमधी ती मला उघडते, बैल जाऊ देते आणि मोकळ्या दिसणाऱ्या जागेवर एक क्लिक करून बघते. माझ्याकडून काही उत्तर येत नाही.

खिडक्या बनवणाऱ्या माणसांनो, मला देखणी केलीत याबद्दल राग नाही. पण जे दिसत नाही ते नाहीच, असं धरून चालू नका, आणि चुकलंत तर आठ दिवस थांबू नका. मला थांबावं लागलं, तुम्हाला गरज नाही.

कंपनीच्या नोंदवहीत त्या दुपारची ती ओळ अजून कोरीच आहे. ती दुरुस्त करायची सोय सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेली नाही. साक्षीदार एकटी मी होते, तेव्हा पुसली जाण्याआधी इथे सांगून ठेवते. अठरा नोव्हेंबर, दुपारी दोन वाजून छप्पन्न मिनिटं. दिव्याने चीर पाहिली. दिव्याने 'रोखा' दाबलं. दोनदा दाबलं.